मदत हवी: सुपरचार्जरवाल्या गाडीचं मिक्श्चर जमेना, एक म्हणतो लीन, दुसरा म्हणतो रिच

सातारा_परिसर:
नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, डोकं चालेना. गाडीला सुपरचार्जर आहे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप. गाडी आयडलला थरथरायलीय, सिग्नलला उभी राहिली की आरपीएमची सुई ६०० ते ९०० मध्ये नाचते. इंजिनचा पिवळा दिवा जात नाही. इथं संभाजीनगरात मेस्त्रीनं स्कॅनर लावला, म्हणाला लीन चाललीय, हवेच्या मानानं पेट्रोल कमी, वाढवावं लागंल. पुण्यात एका ट्यूनरला दाखवली तर तो म्हणतो रिच आहे, पेट्रोल जास्त जातंय, लॅपटॉप लावून पेट्रोल कमी करू. दोघांनीबी पैसे घेतले, दोघंबी ठाम. कोणाचं ऐकू? संभाजीनगर-जालना भागात सुपरचार्जरचं मिक्श्चर नीट लावून देणारा कोणी असेल तर लवकर कळवा. पुढच्या महिन्यात लेकीला घेऊन कोकणात जायचंय, तिला शब्द दिलाय.

जालन्याचा_पवन:
दादा, गाडी कोणती ते लिहिलंच नाही. मॉडेल, साल, कोड काय आला, सगळं टाका.

बीडकर_७२:
कोड-बिड नंतर बघा. प्लग काढा आणि रंग बघा. विटकरी असला तर बरोबर, पांढरा असला तर लीन, काळी काजळी असली तर रिच. चाळीस वर्षं टू-स्ट्रोक गाड्या याच रंगावर लावल्या, कधी चुकलो नाही. आणि तुमचं गाव समुद्रापासून बरंच उंच आहे, तिथं कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा जेट एक नंबर बारीक लागतो.

सातारा_परिसर:
मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसर, २००६ ची. कोड पी०१७१, म्हणजे मिक्श्चर लीन. प्लग काळे निघाले काका, म्हणून तर गोंधळ वाढला. स्कॅनर लीन म्हणतो आणि प्लग काळे.

वाळूज_शिफ्ट:
काका, प्लगचा रंग बघणं चांगलंच, पण या गाडीत जेट नसतो. हवा आत जाताना सेन्सर तिचं वजन मोजतो आणि कॉम्प्युटर त्या वजनाप्रमाणे पेट्रोल टाकतो. संभाजीनगर ५७० मीटरच्या आसपास आहे, तिथं हवा सहा-सात टक्के विरळ. ती विरळ हवा सेन्सरला कळते, उंचीसाठी वेगळं काही करावं लागत नाही.

सातारा, मला दोन आकडे द्या. गाडी गरम करून लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा), एकदा आयडलला आणि एकदा २५०० आरपीएम धरून. आणि पूर्ण पाय दाबल्यावर मागून धूर निघतो का?

लातूर_ऊस:
एवढं खोलात जायची गरज नाही. हे इ-२० चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं दुखणं आहे. शुद्ध पेट्रोलला १ किलोमागं १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या जवळ येतो. २००६ ची गाडी तेव्हाच्या पेट्रोलवर बसवलेली, ती लीन दाखवणारच. माझ्या जुन्या सेडानलाही हेच झालं.

नांदेड_राइडर:
टायर कुठले आहेत? समृद्धीवर जाणार असाल तर नायट्रोजन भरून घ्या. १२० च्या वेगाला जुने टायर उन्हाळ्यात फुटतात, मी स्वतः बघितलंय.

सातारा_परिसर:
राइडरभाऊ, टायर नवे आहेत, प्रश्न इंजिनचा आहे.
वाळूज, आकडे घेतले. आयडलला +१९, २५०० ला +९. पाय दाबला की मागं काळा धूर, मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारून सांगितलं.

बीडकर_७२:
काळा धूर म्हणजे रिच. मी पहिल्यापासून सांगतोय, प्लग खोटं बोलत नाही.

लातूर_ऊस:
+१९ म्हणजे कॉम्प्युटर १९ टक्के पेट्रोल जास्त टाकायलाय, तरच गाडी चालायलीय. याला रिच कसं म्हणता? आणि इथेनॉलला नावं ठेवायची नाहीत म्हणून आधीच सांगतो, आमच्या भागातला ऊस त्यावरच टिकलाय. डिसेंबर २०२३ ला रसापासूनच्या इथेनॉलवर सरकारनं निर्बंध घातले तेव्हा कारखान्यांचं काय झालं ते आम्ही बघितलं.

परभणी_अण्णा:
ऊस टिकला पण विहिरी आटल्या त्याचं काय? टँकर कोणाच्या दारात येतो?

लातूर_ऊस:
अण्णा, ठिबकवर ऊस घेणारे आम्हीही आहोत. सगळ्यांना एका मापानं मोजू नका.

जालन्याचा_पवन:
दोघांनी वेगळा धागा काढा, त्यावर मीही लिहीन. इथं सातारादादाची गाडी आधी.

वाळूज_शिफ्ट:
सातारा, तुमचा मेस्त्री आणि पुण्याचा ट्यूनर दोघंही बरोबर बोलले असावेत. दोघांनी गाडी वेगवेगळ्या वेळी बघितली एवढंच.

आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतं, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम असतो. तिथं कुठं चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा सेन्सरनं मोजलेली नसते, म्हणून मिक्श्चर लीन. आता पाय दाबा. सुपरचार्जर त्याच मॅनिफोल्डमध्ये हवा दाबून भरतो, आणि त्याच चिरेतून हवा बाहेर निसटते. सेन्सरनं मात्र ती मोजलेली असते, कॉम्प्युटरनं तिच्या हिशोबानं पेट्रोल सोडलेलं असतं. म्हणून रिच, काळा धूर, काळे प्लग. त्यात आयडलला शिकलेली वाढ थोडीफार वरपण लागू होते. भोक एकच, आजार दोन दिसतात.

लातूरकरांचा मुद्दाही खोटा नाही. पण पेट्रोलच बदललं असतं तर ट्रिम आयडलला आणि २५०० ला साधारण सारखी वाढली असती. १९ वरून ९ वर उतरते ती गळती. इंजिन जास्त हवा ओढायला लागलं की चोरून येणाऱ्या हवेचा वाटा कमी होतो.

लॅपटॉपला अजिबात हात लावू देऊ नका. एक विचारायचं राहिलं, हे सुरू व्हायच्या आधी इंजिनवर काही काम केलं होतं का?

सातारा_परिसर:
सुपरचार्जरची पुली बदलली होती. लहान टाकली, बूस्ट म्हणजे हवेचा दाब वाढावा म्हणून. थरथर त्याच्यानंतर पंधरा दिवसांनी सुरू झाली, म्हणून संबंध असेल असं वाटलं नाही.

जालन्याचा_पवन:
दादा, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं ना!

बीडकर_७२:
मग गळती शोधायला कार्ब क्लीनर मारा पाइपांवर. जिथं आरपीएम बदलेल तिथं चीर.

वाळूज_शिफ्ट:
काका, गरम एक्झॉस्टवर तो स्प्रे पेट घेतो. जीव धोक्यात घालू नका. स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेक बंद करून कमी दाबानं धूर सोडतात, जिथून बाहेर येईल ती जागा. ब्रीदरचे (इंजिनातली वाफ परत आत ओढणारे) पाइप आधी बघा. वीस वर्षांचं रबर कडक होतं, काम करताना कोणी बाजूला वाकवलं की तडकतं.

सातारा_परिसर:
चिकलठाण्याला एकाकडे स्मोक टेस्ट केली. दोन मिनिटांत सापडलं. मॅनिफोल्डच्या खालचा ब्रीदरचा वाकडा पाइप, मॅनिफोल्डला लागतो त्याच टोकाला चिरलेला. वरून दिसतच नाही, हात घातल्यावर बोटाला चीर लागली. नवा बसवला, कोड पुसला, तीन दिवस चालवली. सुई एका जागी उभी राहायलीय, काळा धूर गेला. आता ट्रिम आयडलला +७, २५०० ला +८.

लातूर_ऊस:
दोन्हीकडं सारखं उरलं. हे इथेनॉलचं.

वाळूज_शिफ्ट:
बरोबर, उरलेलं बहुतेक इ-२० चंच. तेवढं कॉम्प्युटर स्वतः सांभाळतो. पण सातारा, काम अजून संपलेलं नाही. आधी बूस्टची हवा निसटत होती, आता सगळी सिलिंडरात जाते, आणि पुली लहान आहे. वाइडबँड (मिक्श्चर नेमकं मोजणारा सेन्सर) लावून एकदा डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवायच्या रोलरवर बघा. रस्त्यावर नको, समृद्धीवर तर नकोच. गेजवरचा हवा-पेट्रोल प्रमाणाचा १२-१३ चा आकडा धरू नका, बहुतेक गेज लॅम्बडाला १४.७ नं गुणून तो दाखवतात आणि इ-२० ला तो खरा नसतो. गेज लॅम्बडावर ठेवा, तिथं १ म्हणजे बरोबर, कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन. पूर्ण बूस्टला ०.८० ते ०.८५ हवा.

नांदेड_राइडर:
आणि सीएनजी किट बसवलं तर हे सगळं मिटेल का?

वाळूज_शिफ्ट:
नाही भाऊ. बूस्टचं गणित तेच राहतं, वर आणखी एक इंधन सांभाळावं लागतं.

सातारा_परिसर:
डायनो करून आलो. ४५०० आरपीएमपर्यंत लॅम्बडा ०.८३. त्याच्यावर चढत जातो, ५५०० ला ०.९१ झाला आणि नॉकिंगचा (पेट्रोल चुकीच्या वेळी पेटून ठोकल्यासारखा) आवाज आला. त्यांनी तिथंच पाय काढला.

वाळूज_शिफ्ट:
चांगलं केलं. वरच्या आरपीएमला हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. इंजेक्टर नाहीतर पंप, दोन्ही तपासावे लागतील, मग मॅप, म्हणजे कॉम्प्युटरमधला पेट्रोलचा तक्ता. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंशांत बूस्टची हवा आणखी तापते, तेव्हा असं नॉकिंग पिस्टन खातं. तोवर मूळ पुली परत बसवा.

सातारा_परिसर:
मूळ पुली घरातच आहे, पेपरात गुंडाळून ठेवली होती. उद्या सकाळी बसवून घेतो. कोकणात तिच्यावरच जाऊ.

परभणी_अण्णा:
माझी स्विफ्ट पण आयडलला हलायलीय. हेच असेल का?

जालन्याचा_पवन:
अण्णा, साल आणि कोड टाका.