नव्या इंजिनांच्या मायलेजवर विश्वास ठेवायचा का?

नवी गाडी घेणार, कावळा नाका
शोरूमवाले सांगतात, स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली) ग्रँड विटारा लिटरला २७.९७ किलोमीटर देते. घरचे म्हणतात, साधं पेट्रोल घे, नवीन भानगड नको. रोज कोल्हापुरातून गोकुळ शिरगावला जाणं-येणं, सुट्टीत गगनबावड्यावरून कोकण. मला नव्या तंत्रावर पैसे घालावेसे वाटतात. मतं सांगा.

मेकॅनिक, उद्यमनगर
भावा, तो आकडा चाचणीतला. गाडी रोलरवर, वेग ठरलेला, एसी बंद. करूळ घाटात चार माणसं आणि सामान घेऊन चढ, मग बघ.
बॉनेट उघडल्यावर काय दिसतं ते सांगतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात पडतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी झडप, धुतला जात नाही. त्याच्या पाठीवर काळा कार्बन असा बसतो की नखानं खरवडून निघत नाही. कंपनी हा खर्च मायलेजमध्ये धरते का? निसाननं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती दाबायचं ते, बदलणारं व्हीसी-टर्बो इंजिन काढलं, केवढा गाजावाजा झाला. २०२५ मध्ये अमेरिकेत बेअरिंगच्या दोषापायी चार लाखांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जेवढे सुटे भाग जास्त, तेवढी दुखणी जास्त.

फाउंड्रीवाला, शिरोली
दादा, दोष निघाला म्हणून वाटच चुकली असं नाही. प्रियस १९९७ ला जपानात आली, तेव्हाही बॅटरी टिकायची नाही असं लोक म्हणतच होते. त्याच घराण्यातलं टोयोटाचं अडीच लिटरचं हायब्रिड इंजिन आज इंधनातली जास्तीत जास्त ४१ टक्के उष्णता कामाला लावतं. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, प्रसरणाला जास्त वाव मिळतो; ताकद घटते ती मोटर भरून काढते. दाभोळकर कॉर्नरला सिग्नलला थांबलात की बहुतेक वेळा इंजिन बंदच.
आणि माझा जीव यात अडकलाय, लपवत नाही. विजेच्या गाड्यांपायी इंजिनच गेलं तर त्याचे ब्लॉक नि हेड कोण ओतून घेणार? शिरोली-गोकुळ शिरगावच्या किती घरांची चूल त्यावर आहे!

ऊस उत्पादक, कागल
इथेनॉलचं कोणीच बोलेना. ई२० नं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं, मुळात बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकीचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच आहे. पण इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटता दाब सोसायची क्षमता, जास्त. कॉम्प्रेशन वाढवून त्यासाठीच इंजिन बांधलं तर यातलं बरंच भरून निघतं. ते सोडून जुन्याच इंजिनात ओतायचं आणि बदनामी आमच्या उसाची!

मेकॅनिक, उद्यमनगर
कागलकरांचं पटलं. असं इंजिन आलं तर पहिलं खोलायला मला आवडेल. पण या भावाला गाडी आज घ्यायची आहे.
तुझं रोजचं रनिंग बरंचसं हायवेचं. हायब्रिड कमावते ती ब्रेक मारत, थांबत-निघत, म्हणजे गर्दीत. टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती नको, गगनबावड्याला मागून घे. नाही म्हणाले तर पुढच्या शोरूमला जा.

नवी गाडी घेणार, कावळा नाका
रविवारी मागून बघतो. एसी चालू ठेवून.

फाउंड्रीवाला, शिरोली
परतताना भर शहरातूनही आण, आणि दोन्ही आकडे इथं टाक.