कोजागिरीला तुळजापूर पायी, दादाला शुगर आहे, मदत हवी आहे

मंडळी, यंदा कोजागिरीला सोलापुरातून रूपाभवानीचं दर्शन घेऊन तुळजापूरला चालत जायचंय, साधारण ४५ किमी. मी आधी गेलोय, प्रश्न दादाचा आहे. वय ५३, शुगर गोळ्यांवर, इन्सुलिन नाही. जन्मभर मला "देवी काय तुझी वाट बघत बसलीय का बे" म्हणणारा माणूस आता स्वतःहून येतो म्हणतोय, वर "देवीसाठी नाही, शुगरसाठी" असं ऐकवतोय, मी म्हटलं ये की, तिला चालतं. तंबाखूचा मावा सोडलाय (वहिनीला अजून खरं वाटत नाही), चहा बिनसाखरेचा, रोज पहाटे चालतो. पण सलग १५ किमीच्या वर गेलेला नाही आणि त्यातच नव्या बुटाने टाचेला फोड आला. दोन मोजे घालून बघितले, व्हॅसलिन लावलं, थोडा फरक पडला. डॉक्टर म्हणाले जा, पण अनवाणी नाही आणि उपाशी नाही. वाटेत फराळ भरपूर वाटतात पण सगळा साबुदाणा, केळी नि गोड चहा.

शुगरवाल्यांनी रात्रभर चालताना सोबत खायला काय ठेवलं? आणि मेन म्हणजे यात्रेमुळे रस्त्यावर गाड्या बंद असतात तेव्हा वाटेतल्या तामलवाडीच्या आसपास तो थकलाच तर परत सोलापूरला आणायचं कसं, कुठल्या बाजूने गाडी मिळते?