जीसीसी १३ टाकायचा, पण डिफॉल्टला हात लावायचा का?

खटपट्या:
उबुंटू २२.०४ लिनक्सचा डिफॉल्ट जीसीसी (सी आणि सी++ चा कंपायलर) ११ आहे. सी++ मधलं एसटीडी::फॉरमॅट (मजकूर साच्यात बसवणारं फंक्शन) वापरायचं तर किमान १३ हवा, म्हणजे दोन्ही एकत्र नांदवणं आलं. माझं मत: टूलचेनचा पीपीए (उबुंटूसाठीचं जादा पॅकेज-भांडार) जोडा, जी++-१३ टाका आणि अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज या कमांडने ‘जीसीसी’ हे नाव १३ कडे वळवा. जी++ त्याच नोंदीत स्लेव्ह म्हणून टाका, म्हणजे तेही सोबत वळतं. नाहीतर सी १३ ने कंपाइल होतं, सी++ मात्र ११ नेच, आणि एरर भलतीकडेच शोधत बसावी लागते.

आडमुठा:
एका प्रोजेक्टपायी अख्खी सिस्टिम कशाला हलवायची? डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारी सोय) वापरणाऱ्या ड्रायव्हरची मॉड्यूल्स कर्नल अपडेटच्या वेळी इथेच कंपाइल होतात, आणि कर्नल ज्या जीसीसीने बांधलंय तोच त्यांना लागतो. २२.०४ चं ६.५ एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचं) कर्नल १२ ने बांधलेलं. ११ ला त्यातला एक फ्लॅग ओळखताच येत नाही, मॉड्यूल तिथेच अडतं. कुडा १२.० (एनव्हिडियाचं जीपीयू टूलकिट) तर १२ च्या पुढचा जीसीसी सरळ नाकारतो. सीसी आणि सीएक्सएक्स या (सी आणि सी++ चा कंपायलर ठरवणाऱ्या) व्हेरिएबल्समध्ये कंपायलरचं पूर्ण नाव द्या, विषय संपला. फक्त सीमेक या बिल्ड टूलचं जुनं बिल्ड फोल्डर आधी उडवा, कॅशमध्ये ११ चाच पाथ बसलेला असतो.

खटपट्या:
तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय! तिथे डिफॉल्ट ११ च होता, कोणी हातही लावला नव्हता, तरी अडलं. जीसीसी-१२ टाकणं हा त्याचा इलाज. कुडाला सीसीबिन या ऑप्शनने जुना कंपायलर दाखवता येतो. आणि मेकफाइलमध्ये ‘जी++’ थेट लिहिलेलं असेल तर तुमचं सीएक्सएक्स कोण विचारतो?

सर्व्हरमामा:
नावावरून भांडताय, पण खरी गोची रनटाइमला आहे. तो पीपीए सिस्टिमचं लिबएसटीडीसी++६ (सी++ ची रनटाइम लायब्ररी) सुद्धा नवं करतो. मग बायनरी बिल्ड मशीनवर झकास चालते, आणि साध्या २२.०४ सर्व्हरवर ‘जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३२ सापडत नाही’ (ही त्या लायब्ररीच्या आवृत्तीची खूण) म्हणून आडवी पडते; तिथे ३.४.३० पर्यंतच असतं. त्यासाठी काही फार नवं वापरावं लागत नाही, आयओस्ट्रीम हेडर घेतलं तरी पुरे.
त्यापेक्षा सोर्सवरून /ऑप्ट/जीसीसी-१३ मध्ये बांधा. आधी डाउनलोड_प्रिरिक्विझिट्स ही स्क्रिप्ट चालवा, ती जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या लागणाऱ्या गणिती लायब्ऱ्या आणते. बिल्ड फोल्डर सोर्सच्या बाहेर ठेवा. कॉन्फिगरला प्रीफिक्स (कुठे बसवायचं तो पाथ), सी आणि सी++ एवढ्याच भाषा, आणि डिसेबल-मल्टिलिब द्या. हे शेवटचं राहिलं तर ३२ बिटच्या लायब्ऱ्या नाहीत म्हणून अडतं. लिंक करताना आरपाथ (बायनरीतच नोंदलेला लायब्ररीचा पत्ता) /ऑप्ट/जीसीसी-१३/लिब६४ द्या आणि तेवढं फोल्डर सर्व्हरवरही न्या. एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारं व्हेरिएबल) बॅशआरसी या शेलच्या सेटिंग फाइलीत कोंबू नका, नको त्या प्रोग्रॅमांनाही ती लायब्ररी चिकटते.

आडमुठा:
तीन टप्प्यांचं बूटस्ट्रॅप (कंपायलरने स्वतःलाच पुन्हा बांधणं), आणि पुढचे पॅच कोण लावणार? पीपीएच ठेवा, लिंक करताना लिबएसटीडीसी++ स्टॅटिक, म्हणजे बायनरीतच भरून घ्या. रेड हॅट ८ वर बघा: डिफॉल्ट ८.५ जागच्या जागी, जीसीसी-टूलसेट-१३ ऑप्टमध्ये, आणि एससीएल कमांडने एनेबल केलं की त्या शेलपुरताच नवा.

सर्व्हरमामा:
एकच एक्झिक्युटेबल असेल तर स्टॅटिक ठीक. पण प्लगइनच्या एसओ (शेअर्ड लायब्ररी) फायली लोड होत असतील तर प्रत्येकीत लायब्ररीची वेगळी प्रत येते. एकीत फेकलेलं एक्सेप्शन दुसरीत पकडायला गेलात की भरवसा नाही. तिथे आरपाथच.