बॉक्स जॉइंटचे शेवटचे दात जुळत नाहीत : घरगुती जिगमध्ये चूक कोठे असावी?

प्रश्न (सिंहगड रस्ता)

नमस्कार. सदनिकेच्या गॅलरीत मी हौसेने सुतारकाम करतो. मुलीचे रंगसाहित्य ठेवण्यासाठी १२ मिलीमीटर जाडीच्या पाइनची पेटी करायला घेतली असून तिचे चारही कोपरे बॉक्स जॉइंटने, म्हणजे एका फळीचे चौकोनी दात दुसरीच्या खाचांत बसवून, जोडायचे आहेत. एका पेटीसाठी तयार जिग (फळी एकसारख्या अंतराने कापायचा साचा) विकत घेणे परवडणारे नाही आणि टेबल सॉ ठेवायला जागा नाही. म्हणून ट्रिम राउटर (फिरत्या पात्याने, म्हणजे बिटाने, लाकूड कोरणारे छोटे यंत्र) प्लायच्या फळीखाली उलटा बसवला, त्यात सहा मिलीमीटरचे सरळ बिट लावले आणि सहा मिलीमीटरचीच लाकडी खुंटी असलेला जिग घरी तयार केला. पाडलेली खाच या खुंटीवर बसवायची आणि पुढची पाडायची, अशी त्याची रीत. आठ दात आणि आठ खाचा बरोबर बसाव्यात म्हणून फळ्यांची रुंदी ९६ मिलीमीटर ठेवली. पहिले तीन-चार दात सुरेख बसतात. पुढे मात्र ते हळूहळू सरकतात आणि शेवटचा दात खाचेत न उतरता तिच्या कडेवर चढतो. बिट आणि खुंटी यांतील अंतर तीनदा बदलून पाहिले, पण फरक पडला नाही.

पहिला प्रतिसाद

आपण ज्या अंतराशी झगडत आहात, त्यात बहुधा दोष नसावा. बिट आणि खुंटी यांतील अंतराने दाताची रुंदी ठरते आणि बिटाने खाचेची. हे अंतर चुकले, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळेच दात सारखेच घट्ट किंवा सारखेच सैल होतात. आपले दात मात्र उत्तरोत्तर सरकत आहेत, याचा अर्थ चूक साचत जात आहे, आणि ती साचते खुंटीपाशी. खुंटी खाचेपेक्षा बारीक असेल, तर फळी तिच्यावर कधी डावीकडे टेकते, कधी उजवीकडे, आणि प्रत्येक वेळचा फरक पुढच्या खाचेत जमा होतो.

बिटावरच्या आकड्यावर विसंबू नये. एका रद्दी तुकड्यात खाच पाडून तीच कॅलिपरने मोजावी. आपल्याकडे सहा मिलीमीटर आणि पाव इंच ही दोन्ही मापे दुकानात एकमेकांशेजारी असतात आणि विक्रेता दोन्हींना सहाचेच म्हणतो. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलीमीटर. खुंटीशी ०.३५ मिलीमीटरची फट राहिली, तर आठ खाचांच्या सात टप्प्यांत ती वाईटात वाईट जवळजवळ अडीच मिलीमीटरपर्यंत जाते. (बिटाच्या दांड्याचेही हेच आहे: सहाचा दांडा पाव इंची कॉलेटमध्ये (राउटरच्या बिट पकडणाऱ्या चिमट्यात) कधीही आवळू नये, तो चालू राउटरमध्ये सुटू शकतो.)

खुंटी पाइनची नको, लवकर झिजते. सागवानाची चीप घेऊन ती रंध्याने एकेक हात मारत, प्रत्यक्ष पाडलेल्या खाचेत बोटाने दाबून बसेल इतकी बारीक करावी. त्यानंतरच अंतर जुळवावे. त्यासाठी झेरॉक्सच्या कागदाची पट्टी उत्तम, कारण एक कागद साधारण ०.१ मिलीमीटरचा असतो. फळीच्या मागे टेकूची फळी ठेवली, तर बिट बाहेर पडताना लाकडाच्या चिपा उडत नाहीत.

दुसरा प्रतिसाद (सदाशिव पेठ)

वरील निदान मला पटते, परंतु एकाच पेटीसाठी जिग हवाच कशाला, असा माझा प्रश्न आहे. सोसायटीतल्या शेजाऱ्यांना राउटरपेक्षा करवत सुसह्य वाटते. समोरासमोरच्या दोन फळ्या एकत्र क्लॅम्प करून ओढून कापायच्या बारीक करवतीने एकदमच कापाव्यात, कोपिंग सॉने (बारीक पात्याच्या कमानी करवतीने) मधला भाग काढावा आणि पटाशीने दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे साफ करावे. दुसऱ्या जोडीवरच्या खुणा मोजून न करता पहिली जोडी तिच्यावर उभी ठेवून सुरीने कराव्यात. पेन्सिलीची रेघ जाड असते आणि सांधा तिथेच बिघडतो. हाताने करताना सहाऐवजी बारा मिलीमीटरचे दात घेतले, तर काम निम्मे होते. पटाश्या मला बुधवारी जुन्या बाजारात मिळाल्या. त्यांची पाठ दगडावर सपाट करण्यात मात्र एक अख्खा रविवार गेला.

तिसरा प्रतिसाद

पाइन पॅकिंगच्या खोक्यांचे असेल, तर त्यावरचा शिक्का अवश्य पाहावा. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते घरात आणू नये. शिवाय सांधा कोरडा असताना हातोडीने ठोकावा लागत असेल, तर फेविकॉल लावल्यावर तो बसणारच नाही, कारण त्यातील पाण्याने दात फुगतात. हाताच्या दाबाने बसेल इतपतच घट्ट ठेवावा आणि गोंद लावल्यावर लगेच दोन्ही कर्ण मोजून पेटी काटकोनात आहे ना, हे पाहावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. खाच मोजली, ती ६.३५ मिलीमीटर निघाली आणि माझी खुंटी बरोबर सहाची होती. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या सागवानाच्या तुकड्याची नवी खुंटी केली आणि अंतर दोन कागदांनी कमी केले, तेव्हा रद्दी फळ्यांवरचे सगळे दात बसले. आता सोळा भागांचा हिशेब पूर्ण येण्यासाठी फळ्यांची रुंदी १०१.६ मिलीमीटर लागेल. माझ्या फळ्या ९६ मिलीमीटरच्या कापून झाल्या आहेत, त्यामुळे वरच्या कडेला एक अपुरी खाच राहील. ती झाकणाखाली लपवणार आहे.