भर पावसात रतनवाडीला दोन रात्री उघड्यावर: निवारा, चूल आणि कोरडी झोप यांविषयी सल्ला हवा आहे

मुक्काम_रान:

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच मित्रमैत्रिणी भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे रतनवाडीत, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यावर दोन रात्री राहण्याचे ठरवत आहोत. रतनगडावर चढण्याचा बेत नाही. पावसात निवारा उभारणे, ओल्या दिवसांत चूल पेटवणे, तिच्यावर रांधणे आणि कोरडे झोपणे ही कामे स्वतःच्या हातांनी नीट शिकावीत, एवढाच हेतू आहे. हिवाळ्यात उघड्यावर राहण्याची सवय आम्हा सर्वांना आहे. पावसाळ्यात मात्र आजवर गावातल्या घरीच उतरलो आहोत. आमच्याजवळ बारा बाय पंधरा फुटांची एक ताडपत्री, दोन तंबू, नायलॉनची दोरी, एक कोयता आणि प्रत्येकाची स्लीपिंग बॅग आहे. याखेरीज काय न्यावे, चूल पेटेल याची खात्री कशी करावी आणि कोणती लक्षणे दिसल्यास मुक्काम मोडून निघावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

घाटमाथा:

आपण गड न चढता एका जागी राहून ही कामे शिकू पाहत आहात, हे फार चांगले आहे, कारण चालून दमलेल्या अंगाने यांतले एकही काम धड होत नाही.

सर्वांत आधी थंडीविषयी लिहितो. हिवाळ्याची सवय येथे फारशी उपयोगी पडत नाही, आणि तिच्यावर विसंबून राहिल्यास घात होतो. जुलैत त्या भागात पारा काही हिवाळ्याइतका उतरत नाही, त्यामुळे ‘एवढ्या थंडीने काय होते’ असे वाटते. परंतु पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि ओल्या कपड्यांवर घाटमाथ्याचा वारा तासन्तास लागत राहिला की याच तापमानात धडधाकट माणसाचे अंग गार पडू लागते. म्हणून आपली सारी तयारी थंडीपेक्षा ओलीविरुद्ध असली पाहिजे.

यासाठी माझा एकच आग्रह आहे. प्रत्येकाने अंगात घालायचे कपड्यांचे दोन जोड न्यावेत आणि त्यांची कधीही सरमिसळ करू नये. एक जोड ओल्याचा: पटकन वाळणारी, सिंथेटिक कापडाची पँट आणि टी-शर्ट, वर पातळ फ्लीस आणि रेनकोट. हा जोड भिजणारच, हे धरून चालावे. दुसरा जोड कोरड्याचा: थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोपी आणि स्वेटर. हा जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधावा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालावी आणि रात्री निवाऱ्याखाली अंग पुसून झाल्यावरच उघडावी. सकाळी उठल्यावर कोरडे कपडे उतरवून कालचे ओले, गार कपडे पुन्हा अंगात चढवावे लागतात. ते नकोसे होते, आणि ‘पाऊस जरा थांबला आहे, असेच बाहेर जाऊन येऊ’ हा मोह नेमका तेव्हाच होतो. तो टाळला, तर दुसरी रात्र पहिलीइतकीच सुखाची जाते. टाळला नाही, तर दुसऱ्या रात्री अंगात घालायला काहीच उरत नाही. जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवावेत, कारण सुती कापड पाणी धरून ठेवते आणि त्या हवेत दोन दिवसांतही वाळत नाही.

जमिनीकडून येणारा गारवा लोक विसरतात. कॅरीमॅटखाली प्लास्टिकचा कागद हवाच. आपल्या शेतकरी मित्राकडे भाताचा कोरडा पेंढा असेल, तर तो विकत घेऊन कागदावर वीतभर जाड अंथरावा.

चूलपोतेरे:

माझे माहेर अकोले तालुक्यातले आहे, म्हणून चुलीविषयी मी लिहिते.

पहिली गोष्ट अशी, की रतनवाडीचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. तेथे शेतमालकाची परवानगी पुरेशी न मानता वनखात्याच्या नाक्यावर मुक्कामाची आणि चुलीची कल्पना देऊन त्यांची संमती घ्यावी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवणे किंवा जळती सोडून जाणे हा गुन्हा आहे. रानातली ओली फांदी तोडू नये आणि पडलेले लाकूडही उचलू नये. सरपण गावातूनच विकत घ्यावे. आमच्याकडे प्रत्येक घरी मृगाच्या आधी सरपण आणि गोवऱ्या पडवीत रचून ठेवतात, कारण एकदा पाऊस लागला की बाहेरचे लाकूड गाभ्यापर्यंत ओल धरते. मात्र ते सरपण त्या घराला पावसाळाभर पुरवायचे असते, म्हणून मागताना अडचण होणार नाही ना हे आधी विचारावे आणि योग्य ते पैसे द्यावेत.

आता ओले लाकूड पेटवण्याचे तंत्र. पडवीतून आणलेले लाकूडही तुमच्या तळापर्यंत येताना वरून भिजेल. मनगटाएवढे जाड, सरळ, गाठ नसलेले लाकूड निवडा आणि हातभर लांबीचा तुकडा घ्या. तो एका ओंडक्यावर उभा धरून कोयत्याची धार त्याच्या माथ्यावर टेकवा आणि कोयत्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकत जा. कोयता हवेत उगारून घाव घालू नका. ओल्या हातातून मूठ निसटते आणि जखम पायाला होते. तुकड्याचे चार उभे फाके झाले की साल आणि बाहेरचा बोटभर ओला थर सोलून टाका. आत जे फिकट, हाताला उबदार लागणारे लाकूड दिसते, तेच तुमचे खरे जळण. त्यातल्या एका फाक्याच्या आतल्या कडेवरून धार अलगद खाली सरकवत पातळ सालपटे काढा, पण ती शेवटी तोडू नका. काठीलाच झुपक्यासारखी लटकलेली राहू द्या. अशा तीन-चार काठ्या कराव्यात. बाकीच्या फाक्यांच्या ढलप्या तीन जाडींत काढून ठेवाव्यात: काडेपेटीतल्या काडीएवढ्या, पेन्सिलीएवढ्या आणि अंगठ्याएवढ्या. यात तासभर जातो, आणि तो जाऊ द्यावा. हे सगळे हाताशी तयार होईपर्यंत काडी ओढू नये, कारण पेटलेल्या जाळाजवळ बसून ढलप्या काढायला वेळ मिळत नाही.

पेटवण्यासाठी कापूर हे आपल्या घरातले सर्वोत्तम साधन आहे. तो पाण्यावर तरंगत असतानाही जळतो. मात्र उघडा राहिल्यास उडून जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावा. ओल्या जमिनीवर थेट जाळ करू नका. खाली जाड फाक्यांची फळी मांडा, तिच्यावर कापराच्या दोन वड्या, त्यांवर सालपटांच्या काठ्या, मग बारीक ढलप्या, आणि चुलीचे तोंड वाऱ्याकडे ठेवा. सायकलच्या ट्यूबची पट्टी ओलीसुद्धा पेटते, पण तिचा धूर काळा आणि दर्प वाईट असतो. भांडे चढवण्याआधीच तिचा उपयोग संपलेला असावा. कुडाच्या कामातून उरलेल्या कारवीच्या वाळक्या काठ्या मिळाल्या, तर बारीक जळणाची चिंताच नाही. पुढच्या वेळचे लाकूड नेहमी चुलीभोवती उभे करून शेकत ठेवावे.

दोरखंड:

ताडपत्रीविषयी थोडे. त्या दिवसांत वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. ताडपत्रीची पाठ त्या बाजूला थेट जमिनीपर्यंत उतरवावी आणि उघडे तोंड पूर्वेला ठेवावे. उंची छातीएवढीच पुरे; उंच बांधलेल्या ताडपत्रीत पाऊस आडवा शिरतो. कोपऱ्यांच्या कड्या जोराच्या वाऱ्यात फाटतात, म्हणून कापडात गुळगुळीत गोटा धरून त्याच्या मागून दोरी आवळावी; ताण गोट्याभोवती सारखा वाटला जातो. दोरीवरून वाहत येणारे पाणी आत ठिबकू नये म्हणून ताडपत्रीच्या कडेबाहेर त्या दोरीला वीतभर सुतळी बांधून लोंबती सोडावी. नायलॉन भिजल्यावर सैल पडते, त्यामुळे झोपण्यापूर्वी सगळे ताण पुन्हा आवळावेत.

जागा निवडताना भातखाचर, ओढ्याचा काठ आणि डोंगरउताराचा पायथा टाळावा. माळीणची दरड ३० जुलै २०१४ ला कोसळली आणि इर्शाळवाडीची १९ जुलै २०२३ च्या रात्री. दोन्ही याच दिवसांत, संततधार पावसात. उतारावर नवी भेग दिसली, झाडे कललेली दिसली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर सामान तेथेच टाकून निघावे.

मृग_नक्षत्र:

मी डॉक्टर आहे, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नापुरते लिहितो. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला हुडहुडी भरते. पुढे बोटांनी चेन लावता येत नाही, बोलणे अडखळते, चालताना तोल जातो, माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो. हुडहुडी थांबली आणि तरीही माणूस सुस्त असेल, तर ते बरे होण्याचे नव्हे, तर प्रकृती गंभीर झाल्याचे लक्षण समजावे. स्वतःची ही अवस्था स्वतःला कळत नाही, म्हणून दोघादोघांच्या जोड्या करून एकमेकांवर लक्ष ठेवावे. पाचवा माणूस एखाद्या जोडीत सामील करावा.

असे झाल्यास ओले कपडे काढून, अंग टिपून कोरडे कपडे घालावेत, जमिनीपासून वेगळे करून पांघरुणात गुंडाळावे आणि गरम पाण्याच्या बाटल्या कापडात बांधून काखेत आणि छातीशी ठेवाव्यात. शुद्धीवर असून नीट गिळता येत असेल, तर गुळाचा गरम चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत आणि दारू मुळीच देऊ नये. दारूने त्वचेकडे रक्त वळून उरलेली उष्णताही निघून जाते. हुडहुडी थांबलेल्या माणसाला चालवू नये, हिसके न देता आडवे ठेवून १०८ ला फोन करावा.

दिवसभर ओल्या बुटांत राहिलेले पाय रात्री पुसून किमान काही तास पूर्ण कोरडे राहिले पाहिजेत. खाचरातल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो; पायाला जखम असल्यास त्या पाण्यात उतरू नये, आणि परतल्यावर महिन्याभरात ताप आला, तर डॉक्टरांना या मुक्कामाविषयी आवर्जून सांगावे.

मुक्काम_रान:

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरतात. आमच्या दोन स्लीपिंग बॅगा पिसांच्या आहेत. त्या चालतील का, की घोंगडी न्यावी? आणि पाऊस थांबलाच नाही, तर गॅसचा छोटा स्टोव्ह तंबूच्या आत पेटवणे योग्य आहे का?

घाटमाथा:

पिसे ओली झाली की गोळा होतात आणि त्यांची ऊब जवळजवळ नाहीशी होते. त्या हवेत पाऊस थेट लागला नाही, तरी दमटपणाने त्या हळूहळू बसतात. त्यांऐवजी सिंथेटिक भरणाच्या बॅगा कोणाकडून मागून आणाव्यात. घोंगडी अवश्य न्यावी, परंतु पांघरण्यापेक्षा निवाऱ्याखाली बसताना खोळ करून अंगावर घेण्यासाठी; जाड लोकर ओलसर असतानाही बरीच ऊब देते. पूर्ण भिजली तर ती फार जड होते आणि दोन दिवसांत वाळत नाही, म्हणून ती घेऊन पावसात फिरू नये.

स्टोव्ह तंबूत कदापि पेटवू नये. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोप येते आहे असे वाटतच माणूस बेशुद्ध होतो. पेटत्या कोळशांची शेगडी ऊब घेण्यासाठी आत घेणेही तितकेच जिवावरचे आहे. स्वयंपाक ताडपत्रीच्या उघड्या तोंडाशी करावा आणि पहिल्या संध्याकाळी चूल पेटो वा न पेटो, स्टोव्हवर पिठलं-भात होईल इतका गॅस जवळ ठेवावा. निघण्यापूर्वी त्या शेतकरी कुटुंबाला विचारून त्यांची पडवी किंवा गोठा रात्री-अपरात्री येण्यासाठी मोकळा ठेवायला सांगावे, आणि तळापासून तेथपर्यंतची वाट उजेड असतानाच सर्वांनी एकदा चालून पाहावी. पाचांपैकी एकाचाही कोरडा जोड भिजला, तर त्या रात्री पाचही जणांनी पडवीत झोपावे, हे आजच आपसांत ठरवून टाका.