सहा महिने थांबावंच लागतं असं नाही

परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोघं राजी असले तरी अर्जानंतर सहा महिने थांबावंच लागतं, असं काहीजण सांगतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब मध्ये तसं आहे खरं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. त्यासाठी अर्जाआधी दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा सगळं मिटलेलं असावं.

आपल्याकडे घोळ होतो तो संमतीच्या अटींत. "गावचं घर बायकोच्या नावे करीन" असं लिहून देतात, आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव, खाली दहा सहहिस्सेदार! नवऱ्याचा वेगळा हिस्साच पडलेला नसतो, मग देणार काय? त्यापेक्षा ठरलेल्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या सुनावणीच्या तारखेला कोर्टासमोर घ्यावा. दागिन्यांची यादी वजनासकट जोडावी. हुकूम होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे विसरू नका.

एकतर्फी अर्जाला मात्र क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग असं कायद्यातलं कारण सिद्ध करावं लागतं. नुसतं "पटत नाही" चालत नाही. नवरा मुंबईला असला तरी राजापुरात माहेरी राहणाऱ्या बाईला तिथल्या हद्दीच्या कोर्टात अर्ज करता येतो, कलम 24 खाली अंतरिम पोटगीही मागता येते.