कपडा अंगाला बसला नाही तर दोष शरीराचा नाही, संशोधनाचा आहे

मापपट्टी
बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. मी पॅटर्न बनवते, म्हणजे डिझायनरच्या चित्राला कागदावर मापात उतरवायचं हे माझं रोजचं काम. फिटिंगच्या ट्रायलला बाई पॅंट घालून बाहेर येते तेव्हा तिचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं, "माझी सीटच जरा मोठी आहे ना". शर्ट असेल तर "माझे खांदे उतरते आहेत". शर्टाचा खांदा चुकला असेल असं कुणाच्या डोक्यातही येत नाही, आणि मला याचा खरंच राग येतो, बाईचा नाही, तिला असं वाटायला लावणाऱ्या पद्धतीचा.

ही काही माझीच समजूत नाही. १९९० मध्ये कॅरेन लाबॅट आणि मॅरिलिन डीलाँग यांनी बायकांना दोन्ही गोष्टी विचारल्या होत्या, कपड्यांच्या फिटिंगबद्दल किती समाधानी आहात आणि स्वतःच्या शरीराबद्दल किती. दोन्हींचा एकमेकींशी संबंध दिसला, आणि कंबरेखालच्या भागात नाराजी जास्त. आता कंबरेखालीच का? कारण तिथेच कपडा बसवणं सगळ्यात अवघड आहे, आसन (म्हणजे पॅंटचा दोन पायांमधून पुढून-मागून कंबरेपर्यंत जाणारा भाग), सीट, मांडी, कंबर सगळं एकत्र येतं. कपडा बसत नाही आणि माणूस स्वतःच्या अंगाला नावं ठेवतो.

माझं म्हणणं एवढंच की फिटिंगवरचं बहुतेक संशोधन एकतर उभं शरीर मोजतं नाहीतर फॉर्म भरून घेतं. कपडा घालून दिवसभर वावरलेल्या माणसाला कुठे काचलं, काय करताना काचलं, हे विचारणारं काम फार थोडं आहे. आणि त्याशिवाय बाकीच्याचा उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

कटिंग_टेबल
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे पण हे एकतर्फी झालं. मी प्रॉडक्शन बघतो, माझा हिशोब ऐका. एका पॅंटचे ६ साइज आणि ४ रंग म्हणजे २४ प्रकार झाले. आता तुम्ही म्हणणार शरीराच्या ठेवणी ३ घ्या, लांब्या ३ घ्या. ते झाले २१६. प्रत्येक प्रकाराचा वेगळा स्टॉक, वेगळं लेबल, आणि कडेच्या साइजचा माल पडून राहणार तो वेगळाच. शेवटी त्या पडून राहिलेल्या मालाचा खर्च चढणार कुणावर, ज्या बाईसाठी तुम्ही भांडताय तिच्यावरच ना.

आणि मोजून झालंच नाही असं कसं म्हणता, एवढे सर्व्हे झालेत. ब्रिटनमध्ये २००१-०२ साली साधारण ११,००० लोक थ्रीडी स्कॅनरमध्ये उभे करून प्रत्येकाची शंभरावर मापं घेतली.

उरेब
+१ मापपट्टी. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, दाटला की हात वर होत नाही आणि दुकानात सगळे म्हणतात एक साइज मोठा घ्या. मोठा घेतला की मुंढा आणखी खाली येतो आणि हात वर करायला अजूनच त्रास. मुंढा वर हवा असतो, मोठा नको असतो. हे एवढं साधं अजून पोचत नाही.

मापपट्टी
@कटिंग_टेबल दादा, मोजलं नाही असं मी म्हटलेलंच नाही, कुणाला मोजलं आणि कसं मोजलं तिथे माझं भांडण आहे. अमेरिकेत १९३९-४० मध्ये रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी जवळपास १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. काम अफाट होतं, त्याआधी एवढं कुणी केलंच नव्हतं. पण गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं शेवटच्या हिशोबातून वगळली, आणि मापं द्यायला येणाऱ्यांना थोडे पैसे मिळत त्यामुळे गरजू बायका जास्त आल्या. त्याच आकड्यांवर १९५८ चं साइजचं स्टँडर्ड उभं राहिलं आणि १९८३ मध्ये ते मागे घेतलं गेलं. म्हणजे पाया कच्चा होता तरी त्यावर कपडे कापणं वर्षानुवर्षं चालू राहिलं.

आणि स्कॅनरचं म्हणाल तर स्कॅनरमध्ये माणूस कसा उभा असतो? हात थोडे बाजूला, पाय थोडे फाकलेले, श्वास शांत, काही सेकंद. असं आपण दिवसातून कधी उभं राहतो? गुडघा पूर्ण वाकवला की वरची कातडी उभ्या दिशेला एक तृतीयांशाहून जास्त ताणते. बसलं की सीटचा घेर वाढतो, मागचं आसन खाली ओढलं जातं. स्कॅनरला यातलं काहीच दिसत नाही. अंगाचा आकार तेवढा कळला, घालणाऱ्याची हालचाल राहिलीच.

निळीशाई
मी ग्राहकांच्या वागणुकीवर अभ्यास करते त्यामुळे तिसऱ्याच बाजूने बोलते, आणि मला मापपट्टीताईंचं अर्धं पटतं, अर्धं अजिबात पटत नाही.

लोकांना विचारा म्हणताय, पण लोक सांगतात एक आणि विकत घेतात दुसरं. फॉर्मवर सगळे लिहितात आराम महत्त्वाचा. ट्रायल रूममध्ये आरशासमोर आकडा बघतात. २०१२ मध्ये निलुफर आयदिनोग्लू आणि अराधना कृष्णा यांनी दाखवलं होतं की लेबलवर लहान साइज आला की माणूस मनातल्या मनात स्वतःला बारीक बघतो आणि कपड्याबद्दलचं मत चांगलं होतं. २०१४ मध्ये होएग आणि सहकाऱ्यांनी उलट बाजू तपासली. साइज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला की तो कपडा आवडेनासा होतो, पण माणूस तिथेच थांबत नाही, ते मनाला लागलेलं भरून काढायला दिसण्याशी संबंधित पण साइज नसलेल्या दुसऱ्या वस्तू घेतो. म्हणजे आवड ही काही कपाटात ठेवलेली वस्तू नाही की विचारलं आणि काढून दिली, ती त्या क्षणाला, त्या आरशासमोर, त्या लेबलमुळे तयार होते. मग दिवसभर वापरल्यावर विचारलं तरी तुम्हाला वेगळी आवड मिळेल, खरी मिळेल असं नाही.

साधा_प्रश्न
इलास्टेनचा ताणणारा धागा आला ना आता, सगळं ताणतं. मग एवढं मापाचं काय घेऊन बसायचं?

मापपट्टी
@साधा_प्रश्न ताणणारं कापड चूक झाकतं, सुधारत नाही. आसन आखूड असेल तर स्ट्रेच पॅंट बसल्यावर मागून खाली सरकते आणि उठल्यावर दर वेळी वर ओढावी लागते. रोज ताण बसून गुडघ्यावर पोचे पडतात ते वेगळंच.

@निळीशाई तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. लेबलचा आकडा मनावर काम करतो हे मान्यच. पण काखेत उठलेला लाल वळ लेबलमुळे नाही उठत. आवड बदलत असेल, वळ बदलत नाही. मी आवड विचारा म्हणत नाहीये, त्रास विचारा म्हणतेय.

कटिंग_टेबल
त्रास विचारतोच की आम्ही! परतीच्या फॉर्मवर लोक लिहितात, कंबर सैल आहे. आम्ही कंबर कमी करतो. पुढच्या लॉटला तेच लोक लिहितात पोटावर घट्ट होते. सांगा आता, कुणाचं ऐकायचं?

मापपट्टी
दादा, अगदी याच उदाहरणासाठी मी हा धागा काढला असं समजा, नीट लिहिते.

बाई पॅंट घालून उभी आहे. पुढून पट्टा बरोबर. मागे पट्ट्यात तीन बोटं सहज जातील एवढी फट. ती म्हणते कंबर सैल आहे, आणि ती खोटं बोलत नाहीये, तिला सैलच जाणवतंय. आता तिला खुर्चीत बसवा. फट दुप्पट होते आणि पट्टा खाली येतो. पुढे मांडीच्या जोडापासून बाजूच्या शिवणीकडे आडव्या तिरक्या चुण्या पडतात. या चुण्या सांगतात की कापड सीटवर कमी पडतंय, म्हणून ते कंबरेकडून ओढून घेतंय. म्हणजे कंबर जास्त नाहीच, मागचं आसन आखूड आहे आणि मागची मधली शिवणही जरा जास्तच सरळ झालीये. इलाज काय, तर मागचं आसन लांबवायचं, शिवणीला कल द्यायचा आणि मागचे टक्स, म्हणजे कंबरेच्या चिमट्या, थोडे खोल घ्यायचे. तुम्ही काय केलंत, सगळीकडून कंबर कापलीत. मग पोटावर दाटणारच.

तिचं उत्तर खरं होतं, फॉर्म चुकीचा होता. फॉर्मला फक्त सैल आणि घट्ट कळतं.

कटिंग_टेबल
म्हणजे शेवटी तुम्हीच म्हणताय की ग्राहकाला कळत नाही, पॅटर्नवालीला कळतं. मग ग्राहकाला विचारून संशोधन करा हा आग्रह कशाला?

मापपट्टी
डॉक्टरला पोटात दुखतं म्हणून सांगणाऱ्याने आजाराचं नाव सांगायचं नसतं. पण त्याला विचारल्याशिवाय तपासणी सुरूच होत नाही. दुखतंय कुठे आणि कधी एवढं त्याच्याकडून, बाकी आपण.

चाकावरून
मी व्हीलचेअर वापरतो आणि इथे सगळे उभ्या माणसाबद्दलच बोलताय म्हणून लिहितो.

माझ्यासाठी उभ्याने घेतलेलं कुठलंही माप निरुपयोगी आहे. बसलेल्या माणसाला मागचं आसन उंच लागतं नाहीतर पाठ उघडी पडते, आणि पुढचं कमी लागतं नाहीतर पोटाशी कापडाचा गोळा होतो. पायाची लांबी थोडी जास्त लागते कारण गुडघा वाकलेलाच असतो. मागचे खिसे आणि जाड शिवणी नकोतच, दिवसभर त्यावर बसून जखमा होतात, आणि ज्यांना तिथे संवेदना नसते त्यांना जखम झालेली कळतही नाही. यात आवड कुठे आली?

आणि कटिंग_टेबल दादा, तुमच्या २४ प्रकारांत मी नाही, २१६ मध्येही नसेन. पण दिवसभर खुर्चीत काम करणारे, गाडी चालवणारे असंख्य लोकही बसलेलेच असतात, त्यांनाही हीच पॅंट बरी वाटेल. म्हणून मी म्हणतो प्रकार वाढवायच्या आधी मुळातला नमुना बसून तपासा.

उरेब
चाकावरून यांनी जे लिहिलंय ते अभ्यासक्रमात असायला हवं.

अंकमोड
सरासरीचा मुद्दा कुणीच काढला नाही. अमेरिकेच्या हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्सने ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली होती, १९५२ मध्ये त्याचा अहवाल आला. १० मापं घेतली आणि मधल्या साधारण ३० टक्क्यांत येईल त्याला सरासरी म्हणायचं, बऱ्यापैकी ढिला नियम. दहाही मापांत सरासरी असलेला वैमानिक एकही निघाला नाही. नुसती ३ मापं घेतली तरी ३.५ टक्क्यांपेक्षा कमी लोक बसले. आणि आपण कपड्यात काय करतो, एका फिट मॉडेलवर मधला साइज बसवतो आणि ठरलेल्या फरकाने वर-खाली ग्रेडिंग करतो, जणू माणसं फोटोकॉपी मशिनवर लहान-मोठी केलेली असतात.

कटिंग_टेबल
अंकमोड, हा दाखला माझ्या बाजूने जातो! कुणीच सरासरी नाही म्हणजे तयार कपडा कुणालाच शंभर टक्के बसणार नाही, तीन ठेवणी करा नाहीतर तीस. मग थोडी मोकळीक द्यायची, थोडं स्ट्रेच घालायचं आणि बाकी दुरुस्तीवर सोडायचं, हाच व्यवहारी मार्ग. आत शिवणीला माया, म्हणजे जास्तीचं कापड, जास्त सोडा, दुरुस्ती करणारा बघून घेईल. बाकी सगळं स्वप्नरंजन.

अंकमोड
नाही हो, हवाई दलाने सोडून दिलं नाही. सीट पुढे-मागे होईल, पट्टे कमी-जास्त होतील अशी सोय केली. सरासरी माणूस सापडत नाही म्हटल्यावर वस्तू बदलती केली. कपड्यात याला अर्थ आहे, कंबरेच्या आतून बटणाचं इलॅस्टिक, मागे माया, उलगडता येणारी बाही. लहान मुलांच्या कपड्यात हे चालतं, मोठ्यांच्या कपड्यात का नको?

निळीशाई
यावर एक शंका. सोयी केल्या तरी त्या दिसल्या की लोक नाकारतात. बदलता येणारी कंबर कपड्याला 'गरजेचा' असल्याचा शिक्का मारते आणि माणसाला आपल्या अंगाची कमतरता दाखवल्यासारखं वाटतं. मुलाखती घेताना हे मला वारंवार ऐकू येतं. कपड्याचं काम तीन पातळ्यांवर चालतं, उपयोग, सौंदर्य आणि मी कोण हे सांगणं, लॅम्ब आणि कॅलल यांनी १९९२ मध्ये ही मांडणी केली ती अजून टिकून आहे. मापपट्टीताई आणि चाकावरून दोघेही पहिल्या पातळीवर भांडताय आणि तिथे तुम्ही बरोबर आहात. पण काचणारा कपडाही माणसं हौसेने घालतात, आणि तेही खरंच असतं. लग्नाकार्याला काखेत काचतंय हे माहीत असून घातलेला कपडा ही फसगत नाही, निवड आहे. तुमच्या त्रासाच्या नोंदवहीत ती कुठे लिहिणार?

चाकावरून
निवड करायला आधी पर्याय लागतो. मलाही चांगलं दिसायचंय, पण मला मिळतं ते एकतर दवाखान्यातल्यासारखं ढगळ नाहीतर न बसणारं. काचणारं हौसेने घालणारा घरी जाऊन बदलतो.

मापपट्टी
@निळीशाई ती निवडही लिहायची, वेगळ्या रकान्यात. काचलं तरी पुन्हा घालाल का, हा प्रश्न विचारायचाच. ज्याला लोक हो म्हणतील तिथे मी पॅटर्नला हात लावणार नाही. पण रोजच्या ऑफिसच्या पॅंटला कुणी हो म्हणेल असं मला वाटत नाही.

आणि लेबलचं. युरोपात EN १३४०२ नावाचं एक स्टँडर्ड आहे, सोप्या भाषेत सांगते, त्यात साइजचा गूढ आकडा न देता शरीराची मापं सेंटीमीटरमध्ये द्यायची, छोट्या आकृतीसकट. सक्ती नाही म्हणून फारसं कुणी पाळत नाही. ते पाळलं तर तुम्ही म्हणता तो लहान-मोठ्या आकड्याचा डंख बराच कमी होईल.

कटिंग_टेबल
सेंटीमीटर छापायला माझी हरकत नाही, त्यात खर्च नाही. बसून ट्रायल घेणंही जमेल, खुर्ची तर तिथे असतेच. तीन ठेवणींचं मात्र मला अजून पटलेलं नाही आणि पटेल असंही वाटत नाही. करायचंच तर एका पॅंटवर, मधल्या दोनच साइजमध्ये, मागच्या आसनाचे दोन प्रकार काढा. माल परत किती आला आणि का आला हे दोन्हींचं वेगळं लिहून ठेवा. आकडे दिसले तर मी वर बोलेन.

मापपट्टी
चालेल. परतीच्या फॉर्मवर 'फिटिंग बरोबर नाही' हा एकच पर्याय आहे तो मात्र आधी काढा. कुठे, आणि काय करताना, हे दोन रकाने हवेत. आणि ट्रायलला चाकावरून यांच्यासारखे लोक पहिल्या सॅम्पलपासून हवेत, शेवटच्या मंजुरीला बोलावून उपयोग नाही.